पाटी कुठे लावायची?

मराठी माणूस सहसा दान करत नाही, तो वर्गणी देतो. या दोहोंतला फरक कोशात सापडणार नाही. तो लोकांच्या दारात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. दान करणारा स्वतः उठून जातो. वर्गणी देणाऱ्याकडे लोक येतात, आणि तेही नेमके आमटीला फोडणी पडत असताना. दान करणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक तेज असते असे कीर्तनकार सांगतात. वर्गणी देणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'शेजारच्यांनी किती दिले?' हा एकच प्रश्न असतो, आणि तो विचारणे बरे दिसत नाही म्हणून पावती पुस्तकातल्या आधीच्या स्थळप्रती तो बिचारा उलट्या बाजूने वाचत असतो. अर्थात वर्गणीला मी नावे ठेवणार नाही. आपल्याकडची वाचनालये, व्यायामशाळा, व्याख्यानमाला, गणपती यातले बरेचसे या उलट्या वाचनावरच उभे आहे. शिवाय गेली तीन वर्षे ते पुस्तक काखेत मारून हिंडणारा इसम मीच आहे. निवृत्त माणसाचे अक्षर बरे असले की त्याच्यावर ही पाळी येतेच.

आमच्या वसाहतीमागे देवळाच्या ओवरीला लागून दोन खोल्या आहेत. तिथे आठवड्यातून चार दिवस सव्वीस मुले व्यायामाला येतात. बहुतेकांना सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूला इजा झालेली आणि तिच्यामुळे हातपाय मेंदूचे धड ऐकत नाहीत. पूर्वी अशा मुलांना अपंग म्हणत, मग विकलांग म्हणू लागले, आता दिव्यांग म्हणतात. नावे बदलण्याचे काम आपल्याकडे झपाट्याने होते, कारण त्याला वर्गणी लागत नाही. बाकी सगळ्याला लागते. दोन फिजिओथेरपिस्ट बाई, एक मदतनीस मावशी, विजेचे बिल आणि रिक्षा. रिक्षा फार महत्त्वाची. सात वर्षांचे मूल कडेवर, खांद्याला पिशवी, अशी आई बसने येऊ म्हणेल तर आमच्याकडची बस थांबते कमी आणि थांबल्याचा भास जास्त निर्माण करते.

दारात पहिला प्रश्न हमखास येतो, "अहो, पोलिओ तर गेला ना?" प्रश्न अगदीच अडाणी नाही. गेला खरा. नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा भारतातला शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तसे प्रमाणपत्रही दिले. पण लोकांच्या हिशेबी पोलिओ जाताना कुबड्या, कॅलिपर आणि व्यायामाच्या खोल्या सगळे गाठोडे बांधून बरोबर घेऊन गेला. सेरेब्रल पाल्सीवर काही दोन थेंबांचा डोस नाही. कारणे अनेक: अपुऱ्या दिवसांचे मूल, जन्मताना कमी पडलेला प्राणवायू, फार वाढलेली कावीळ, मेंदूज्वर; आणि कित्येकदा कारण कळतही नाही. हे सगळे मी उंबऱ्यावर उभा राहून सांगतो. ऐकणारा गृहस्थ शेवटी दोनशे रुपये काढतो. ते मुलांसाठी, की मी बोलायचे थांबावे म्हणून, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पण ते ठरवायची गरज आहे का? देणाऱ्याचा हेतू शुद्ध नसेल तर ते देणे पुण्याचे की नाही, यावर आमच्या कट्ट्यावर दोन संध्याकाळी वाद झाला. मी आपला १९२१ साल पुढे करतो. त्या वर्षी ८ जुलैला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग केला. पैसे टिळक स्वराज्य फंडाला जायचे होते. महागडी तिकिटे काढून जी गर्दी लोटली ती स्वराज्यासाठी लोटली होती, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? एकाच रंगमंचावर हे दोघे! त्यासाठी माणसाने म्युनिसिपालटीच्या फंडालासुद्धा तिकीट काढले असते. पण म्हणून फंडातला रुपया काही खोटा वाजला नाही. तेव्हा मी हेतूंची झडती घेत नाही. कोणी लाजेकाजेस्तव देतो, कोणी आयकरात सूट मिळेल का विचारून देतो. मुंबईत २००४ पासून मॅरेथॉन होते. तीत कित्येक मंडळी संस्थांसाठी पैसे जमवत धावतात. दुसऱ्याच्या मुलाला चार पावले चालता यावे म्हणून आपण बेचाळीस किलोमीटर धावायचे, हा हिशेब मला नीटसा समजत नसला तरी त्यात वाईट काही दिसत नाही.

माझी अडचण निराळीच आहे. देणाऱ्याचा हेतू कसाही चालेल हो, पण देणाऱ्याला काहीतरी दिसावे लागते. आणि फिजिओथेरपीत दिसण्यासारखे जवळजवळ काहीच नसते.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मनाने उदार. कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आपण होऊन निरोप धाडला की, वडिलांच्या स्मरणार्थ एक मोठे मशीन द्यायचे मनात आहे. मी हर्षभराने बाईंकडे गेलो. बाई एका मुलीला उभे राहण्याच्या चौकटीत उभी करत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "एक आहे की आधीचं." आणि खरेच कोपऱ्यात कुणाच्या तरी स्मरणार्थ आलेले एक मशीन होते. त्याच्या एका दांड्यावर मुलांची दप्तरे आणि दुसऱ्यावर मावशींची ओली छत्री वाळत होती. "काका, मशीन नको. हात हवेत. मार्चनंतर दुसऱ्या बाईंचा पगार कुठून द्यायचा ते सांगा."

मी ते तिसऱ्या मजल्यावर कळवले. गृहस्थ विचारात पडले. मग त्यांनी जे विचारले, त्यावर खरे तर तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी ग्रंथ लिहायला हवा. म्हणाले, "ते ठीक आहे. पण पाटी कुठे लावायची?"

हसू नका. बाकावर, पंख्यावर, पाण्याच्या टाकीवर, भिंतीवरच्या बंद घड्याळावर मी 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' वाचलेले आहे. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ बाईंचा जून महिन्याचा पगार' अशी पाटी मात्र कुठे वाचलेली नाही. लावायची झाली तर बाईंच्या पाठीवर लावावी लागेल, आणि एक जुलैला ती काढायला कोणीतरी पाहिजे.

त्यातून या कामाची गतीच अशी, की पाहायला आलेला माणूस कंटाळून चहाच मागतो. एक सात वर्षांचा मुलगा आहे. त्याला स्वतःच्या हाताने चहा प्यायचाय. हल्ली फिजिओथेरपीत मुलाला जे करावेसे वाटते तेच काम त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेण्यावर भर असतो, म्हणून बाईंनी तोच कप धरला. आधी नुसते पाणी, तेही अर्धा कप. ताठ बसायचे, पाय जमिनीला टेकलेले ठेवायचे, हात पुढे न्यायचा, बोटे उघडायची, मिटायची. तुमचाआमचा कप यातले काहीही न विचारता ओठाला लागतो. त्याचा कप अकरा महिन्यांनी लागला. "प्रगती काय?" असे पाहुण्यांनी विचारले तेव्हा त्याची आई म्हणाली, "आधी तीन शर्ट लागायचे, आता एक." पाहुण्यांनी टिपणवहीत काय लिहिले कोण जाणे.

आणि हा तरी दिसणारा भाग झाला. निम्मे काम काही घडू नये म्हणून करायचे असते. मेंदूतली इजा वाढत नाही, पण मूल वाढते. हाडे लांबतात, ताठर स्नायू त्यांच्या वेगाने लांबत नाहीत, आणि मग सांधे आखडत जातात. ते शक्य तितके टळावे म्हणून बसण्याउठण्याच्या पद्धती, पायाला स्प्लिंट, पाय वाढला की नवा स्प्लिंट, घरी आईने करून घ्यायचे ते वेगळेच. आता न आखडलेल्या गुडघ्याचा फोटो अहवालात कसा छापणार? तो साध्या गुडघ्यासारखाच दिसतो! वास्तविक काही घडू नये म्हणून पैसे मोजायची आपल्याला सवय आहे. सोसायटीच्या वॉचमनला आपण दरमहा पगार देतो आणि वर्षअखेर 'या वर्षी न झालेल्या चोऱ्या दाखव पाहू' असे विचारत नाही. पण तो आपला वॉचमन, आपली कपाटे. दुसऱ्याच्या मुलाच्या गुडघ्याला मात्र आपण प्रगतिपुस्तक मागतो.

या न दिसण्यावर उपाय म्हणून आमच्या समितीने गेल्या हिवाळ्यात नाटकाचा मदत-प्रयोग ठरवला. स्मरणिका काढली, तीत किराणा दुकानापासून डेंटिस्टपर्यंत सर्वांच्या शुभेच्छा घेतल्या. मग सेक्रेटरींनी सूचना मांडली की, मध्यंतरात दोन-तीन मुलांना रंगमंचावर आणावे, चार पावले चालवून दाखवावे, आणि मागे हळू आवाजात सनई.

सेक्रेटरी दुष्ट माणूस नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. रात्री दहाला केंद्राचे दिवे बंद आहेत ना ते पाहून मगच तो झोपतो. त्याचे म्हणणे सरळ होते: "लोकांना भरून आल्याशिवाय खिशात हात जात नाही. मलाही आवडत नाही, पण एक तारखेला बाईंना काय देऊ, माझी आवड?"

कपवाल्या मुलाची आई पालकांच्या वतीने बैठकीला होती. ती म्हणाली, "साहेब, तुमच्या नातवाचं गणित कच्चं आहे ना? त्याच्या शिकवणीचे पैसे जमवायला त्याला स्टेजवर उभं कराल का? पाढे चुकत चुकत म्हणायला? मागे सनई लावून?"

बैठकीत इतकी शांतता मी पूर्वी फक्त ऑडिटचा विषय निघाल्यावर अनुभवली होती.

मी आईच्या बाजूने मत दिले, पण चटकन नाही. कारण सेक्रेटरीचा प्रश्न खोटा नव्हता. आपल्या सभ्यपणाने जमा कमी झाली तर ती खोट आपल्या घरी येत नाही, त्या सव्वीस मुलांच्या घरी जाते. आपण मान ताठ ठेवायची आणि पाठ त्यांची वाकायची! तरीही मला वाटते की, पैसे देणाऱ्याला हिशेब मागायचा हक्क आहे; पैन् पै, पावतीनिशी, वाटल्यास माझ्या छातीवर बसून. मुलाचे दुखणे पाहायला मागायचा नाही. आणि त्या मुलाला शाळेत वर्ग आहे, बाक आहे, बाकावर शेजारी बसणारा मित्र आहे. त्या मित्राच्या आईवडिलांनीच आमची तिकिटे घेतलेली.

शिवाय अशी कामे उभी कोणी केली तेही पाहावे. मुंबईत १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली ती मिठू अलूर यांनी. त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. कोल्हापुरात १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली नसीमा हुरझूक यांनी, त्या स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून. ज्यांच्यासाठी आपण सनई वाजवायला निघतो, त्यांच्या घरची माणसे बऱ्याचदा आपल्या आधीच कामाला लागलेली असतात.

मुले रंगमंचावर आली नाहीत. नाटक झाले, भजी संपली, जमा अपेक्षेपेक्षा कमी झाली. सेक्रेटरी मला एक शब्दही बोलला नाही, हे त्याचे थोरपण. तेव्हा मला सामाजिक कृतज्ञता निधीची आठवण झाली. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशा मंडळींनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव करून तो जमवला. कशासाठी? इमारतीसाठी नव्हे. सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे म्हणून. पगार हीसुद्धा देणगी देण्याजोगी गोष्ट आहे हे इतक्या मोठ्या नटांनी आधीच सांगून ठेवले होते. आम्ही आपले मध्यंतरातल्या भज्यांचा विचार करत बसलो.

मग आम्ही दरमहा दोनशे रुपये सुरू केले, वर्तमानपत्राच्या बिलासारखे. भावना वगैरे काही नाही. महिना झाला की बेल. चौसष्ट घरांपैकी एकेचाळीस घरे देतात. आजूबाजूच्या दोन सोसायट्या निम्म्यानिम्म्याने आल्या आहेत. हल्ली फोन दाखवला की पैसे जातात, त्यामुळे शेजारच्यांनी किती दिले हे वाचायची सोय गेली, आणि काहींचा आकडा त्यामुळे घटला असावा असा मला दाट संशय आहे.

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आठवडाभर गप्प होते. एके सकाळी त्यांनी दुसऱ्या बाईंच्या सहा महिन्यांच्या पगाराचा चेक आणून दिला. पावती करताना म्हणाले, "वडिलांचं नाव ठळक अक्षरात घाला, आणि पुढे महिने लिहा. एप्रिल ते सप्टेंबर." मी माझ्या उत्तम अक्षरात लिहून दिली. ती त्यांनी चौकटीत बसवून आपल्याच दिवाणखान्यात, वडिलांच्या फोटोखाली लावली आहे. येणारा-जाणारा थांबून वाचतो, आणि 'ही बाई कोण?' असे विचारतो. मग ते त्याला अर्धा तास फिजिओथेरपी समजावून देतात. चहा आल्यावर कपाची गोष्टही सांगतात. दोघांनी तर ती ऐकून तिथल्या तिथे दरमहाचे दोनशे कबूल केले. अर्थात माझ्या बाबतीत येते ती शंका त्यांच्याही बाबतीत घ्यायला जागा आहे.

ऑक्टोबरपासूनचे मात्र अजून जमायचे आहे. बी विंगमधले सहाजण 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणाले आहेत. आज संध्याकाळी, फोडणीच्या सुमारास, तिकडेच जाणार आहे.