जुनी चिठ्ठी, नवी चिठ्ठी

शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड यांच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची एक वनस्पती उगवते. खोड मांसल, कातळाच्या फटीतून खाली लोंबणारं. पावसाळ्यात तिला पानं फुटतात आणि पिवळ्या ठिपक्यांची, किरमिजी, पाच टोकांची फुलं येतात. पाऊस सरला की पानं गळतात आणि उन्हाळाभर नुसती खोडं तग धरून राहतात. निसर्गात ती महाराष्ट्राबाहेर सापडत नाही.

1860च्या दशकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. तिच्यासाठी त्यानं नवी प्रजातीच (जीनस) मांडली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलं. विसाव्या शतकातल्या अभ्यासकांना तिचं वेगळेपण एवढं मोठं वाटलं नाही. त्यांनी तिला ‘कॅरलुमा’ प्रजातीत नेलं. तिथे ‘इंडिका’ हे नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीला दिलेलं होतं, म्हणून ही ‘कॅरलुमा फ्रेरी’ झाली. आता डीएनएच्या अभ्यासावरून कोणी तिला ‘बुसेरोशिया’त धरतात, तर कोणी थेट ‘सेरोपेजिया’त, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांच्या घरात.

एवढी नावं बदलली की सामान्य माणूस वैतागतो. शास्त्रज्ञांचं नक्की ठरत कसं नाही, असं त्याला वाटतं. त्यानं एकदा एखादं हर्बेरियम पाहावं. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आहे. तिथे जाड कागदावर वाळवलेली फांदी चिकटवलेली असते. कोपऱ्यात लेबल असतं: कोणी गोळा केली, कुठे, कधी. फुलाचा रंगही लिहिलेला असतो, कारण वाळल्यावर तो उडतो. पुढे एखाद्या अभ्यासकाचं मत वेगळं पडलं, तर तो आपलं मत लहानशा चिठ्ठीवर लिहितो, खाली स्वतःचं नाव आणि वर्ष घालतो आणि ती त्याच कागदावर चिकटवतो. आधीची चिठ्ठी तो काढत नाही. पन्नास वर्षांनी येणाऱ्याला दोन्ही मतं वाचता येतात आणि ज्या फांदीवरून वाद झाला ती फांदीही समोर असते.

प्राण्यांच्या नावांतही हीच शिस्त दिसते. लिनिअस या निसर्गशास्त्रज्ञानं 1766 मध्ये सुगरण पक्ष्याला नाव दिलं, तेव्हा नमुना फिलिपिन्सचा असल्याची चुकीची नोंद त्याच्यापुढे होती. सुगरण तिथली नाहीच. तरी ‘फिलिपिनस’ हा नावाचा भाग आजही कायम आहे, कारण रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव केवळ अर्थ चुकला म्हणून बदलता येत नाही. प्रजाती मात्र बदलली: ‘लॉक्सिया’तली सुगरण ‘प्लोसियस’मध्ये आली. म्हणून पूर्ण नाव लिहिताना लिनिअसचं नाव कंसात घालतात. त्या कंसावरून जाणकाराला कळतं की नाव पहिल्यांदा यानं दिलं, प्रजाती नंतर बदलली.

मला या पद्धतीचं मोल फार वाटतं. इथे चूक लपवली जात नाही आणि चुकणाऱ्याला खोडूनही टाकलं जात नाही. डाल्झेलचा निष्कर्ष पुढच्यांनी बदलला, पण शिंदळ माकुडी पहिल्यांदा शास्त्रापुढे मांडली ती त्यानंच, याची नोंद कोणी पुसली नाही. मतभेदाला पुरावा लागतो, सही लागते, तारीख लागते. निनावी शेऱ्याला या कामात किंमत नाही.

रोजच्या जगण्यात मात्र आपण माणसांविषयी, गावांविषयी, समाजांविषयी केव्हातरी एक मत बनवतो आणि वर्षानुवर्षं तेच धरून बसतो. बदललंच, तर आधी आपलं तसं मत होतंच असं कबूल करत नाही. आज सकाळी असं एखादं जुनं मत काढून बघा. ते कोणत्या पुराव्यावर उभं होतं, तो पुरावा आजही टिकतो का, हे तपासा. टिकत नसेल तर नवं मत आपल्या नावानं, उघडपणे मांडा. जुनं मात्र लपवू नका.