शिलाई आणि शाळा

ऑगस्ट 2021 मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि अफगाण मुलींची शाळा सहावीतच संपू लागली. डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठांची दारं बंद झाली. स्वयंसेवी संस्थांत काम करायलाही स्त्रियांना मनाई झाली. डिसेंबर 2024 मध्ये तर परिचारिका आणि सुईणींचं शिक्षणही थांबवलं गेलं.

ज्या वयात पाळी सुरू होते, नेमक्या त्याच वयात शाळा सुटते. मग शरीरात काय चाललंय, हे समजावून सांगणाऱ्या बाईही दुरावतात. घरात मिळकत नसली की पॅडचा खर्च आधी कापला जातो. आणि नव्या सुईणी, नव्या डॉक्टर शिकल्याच नाहीत, तर उद्या या मुलींना तपासणार कोण?

म्हणून रोजगार, शिक्षण, आरोग्य अशी मदतीची वाटणी इथे चालत नाही. धुता येणारे कापडी पॅड घरबसल्या शिवले, तर बाईच्या हाती मजुरी येते, शेजारच्या मुलीची सोय होते, चार गोष्टी मोकळेपणानं बोलल्या जातात. मात्र शिलाईयंत्र दिलं म्हणून शाळेची मागणी सोडायची नसते. पोटाची सोय आजच हवी. हक्काचा आग्रह रोज धरायला हवा.