रेफ्यूज, शरण आणि सरण

मुंबईत नातेवाइकांकडे गेलो असता एका उंच इमारतीच्या जिन्याजवळ ‘रेफ्यूज एरिया’ अशी पाटी दिसली. बरोबर इंग्रजी शाळेत शिकणारी माझी नात होती. तिने नुकतेच त्रिसरण पाठ केले होते, आणि वंदनेच्या पुस्तिकेत पालीखाली छापलेल्या इंग्रजी भाषांतरात हाच शब्द वाचला होता. पाटीकडे बोट दाखवून तिने विचारले, “आबा, आपण वंदनेत जातो ते इथेच का?” आग लागली म्हणजे माणसांनी पळत येऊन थांबायची ही जागा आहे, असे मी तिला सांगितले. त्यावर ती म्हणाली, “मग आपण कशापासून पळतो?”

हा प्रश्न केवळ लहान मुलीचा नाही. १९५६ पासून तो आपल्याला वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला आहे, आणि विचारणारे सगळेच निरागस नव्हते. माझ्या नोकरीच्या काळात एक सुशिक्षित सहकारी मला म्हणाले होते, “तुम्ही लोक झगडायचे सोडून पळालात. एक देव टाकला आणि दुसऱ्याला शरण गेलात.” त्या एका वाक्यात दोन आरोप होते. धर्मांतर म्हणजे पलायन, हा पहिला. आणि धर्मांतर म्हणजे नवी शरणागती, हा दुसरा. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. दोन्ही आरोप शब्दांच्या आडून येतात, म्हणून आज ते शब्दच तपासून पाहू.

‘रेफ्यूज’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये ‘फुगेरे’ म्हणजे पळणे आणि ‘रे’ म्हणजे मागे. मागे पळून जेथे जीव वाचवायचा, ती जागा म्हणजे ‘रेफुगिउम’. फरारी माणसाला ‘फ्यूजिटिव्ह’ म्हणतात, लबाडीच्या पळवाटेला ‘सब्टरफ्यूज’ म्हणतात. ही सगळी एकाच कुळातली भावंडे होत. पुढे या शब्दाला अनेक अर्थ फुटले. डोंगर चढणाऱ्यांना वादळात थांबण्यासाठी बांधलेली झोपडी म्हणजे रेफ्यूज. अमेरिकेत १९०३ साली फ्लॉरिडातील पेलिकन बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले गेले, तेही रेफ्यूज. १९७१ साली लंडनच्या चिझिक भागात नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेल्या स्त्रियांसाठी घर उघडले गेले, त्यालाही हेच नाव. इंग्लंडात रस्ता ओलांडताना मध्येच थांबण्यासाठी जो उंच ओटा असतो, त्यालाही रेफ्यूज म्हणतात. या शेवटच्या अर्थाकडे मी पुन्हा येणार आहे.

पळणे हा शब्द ऐकला की आपल्याला त्यात भ्याडपणा दिसतो. पण याच कुळातील ‘रेफ्युजी’ हा शब्द इंग्रजीत कसा रुजला, ते पाहण्यासारखे आहे. १६८५ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने नांतचा फर्मान रद्द केला आणि प्रोटेस्टंट पंथीयांचे उपासनास्वातंत्र्य काढून घेतले. राजाचा पंथ स्वीकारा, अशी सक्ती सुरू झाली. ज्यांनी ती मानली ते घरीच राहिले. ज्यांनी मानली नाही, त्या ह्यूगेनॉट लोकांतील हजारो जण घरदार टाकून इंग्लंड, हॉलंडकडे निघून गेले. त्यांच्याबरोबर हा फ्रेंच शब्द इंग्रजीत रूढ झाला. म्हणजे ‘पळालेले’ म्हणून ज्यांचे नाव पडले, ते आपल्या सद्सद्विवेकाला सोडून न पळालेले लोक होते! मागे राहिलेल्यांपैकी अनेकांनी गुडघे टेकले होते.

आपली मराठी या बाबतीत अधिक न्यायी आहे. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या माणसांना, कल्याणजवळच्या छावणीत राहणाऱ्यांना, मराठीने ‘निर्वासित’ म्हटले. हिंदीने त्यांना ‘शरणार्थी’ म्हटले. इंग्रजी शब्द विचारतो, हा कसा आला? पळून आला. हिंदी शब्द विचारतो, याला काय हवे? आसरा हवा. मराठी शब्द मात्र सांगतो की या माणसाला कोणीतरी घराबाहेर काढले आहे. पळणाऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी काढणाऱ्याकडे पाहा, असे तो शब्दच बजावतो. गावकुसाबाहेर ज्यांना हजारो वर्षे ठेवले, त्यांच्यावर ‘तुम्ही धर्म सोडून पळालात’ असा आरोप करणाऱ्यांनी हा मराठी शब्द एकदा नीट उच्चारून पाहावा. जो घरात कधी घेतलाच गेला नाही, तो घरातून पळणार कसा?

आता दुसरा आरोप. मराठीत ‘शरण जाणे’ म्हणजे हार मानणे. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याला पाकिस्तानी सैन्याने शस्त्रे खाली ठेवली, त्याला आपण शरणागती म्हणतो. भक्तिमार्गातही शब्दाचा कल तोच आहे. सर्व धर्म टाकून माझ्या एकट्याकडे ये, मी तुला पापांतून सोडवीन, असे गीतेतील कृष्ण सांगतो. तेथे शरण म्हणजे स्वतःचा विचार दुसऱ्याच्या पायावर ठेवणे होय. पण शब्दाचा मूळ अर्थ हा नाही. अमरकोशात ‘शरण’ या शब्दाचे घर आणि रक्षण करणारा असे दोन अर्थ दिले आहेत. घराचा अर्थ मागे पडला आणि लोटांगणाचा अर्थ पुढे आला, ही भाषेची वाटचाल झाली. पाली ‘सरण’ शब्दाची तर मराठीत आणखीच विटंबना होते. आपल्याकडे सरण म्हणजे चिता. त्यावरून केलेले कुत्सित विनोद आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असतील.

अट्ठकथाकारांनी या शब्दाचा अर्थ फार वेगळ्या दिशेने लावला आहे. त्यांनी ‘सरण’ शब्दाचा संबंध नष्ट करणे या क्रियेशी जोडला. जे भय आणि दुःख नष्ट करते, ते सरण. आणि ‘गच्छामि’ संबंधी ते सांगतात की जाणे हा ज्या धातूंचा अर्थ आहे, त्यांचा जाणणे हाही अर्थ असतो. म्हणजे सरण जाणारा माणूस ‘मी जातो’ एवढेच म्हणत नाही. तो ‘मी जाणतो’ असेही म्हणतो. भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्तीला कदाचित मान्यता देणार नाहीत. परंतु बौद्ध परंपरेने सरणाचा अर्थ काय घेतला, हे त्यातून स्पष्ट दिसते. भ्यालेली माणसे डोंगर, वने, वृक्ष, देवस्थाने यांचा आसरा घेतात आणि तेथे दुःखातून सुटत नाहीत; चार आर्यसत्ये जो जाणतो त्याचाच आसरा सुरक्षित असतो, असे धम्मपदाचे सांगणे आहे. नुसते पळून जाणे भगवंतांनी सरण मानलेले नाही.

येथे एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. महावग्गात असा नियम आहे की राजाचा सैनिक, कर्जबाजारी आणि दास यांना प्रव्रज्या देऊ नये. हा नियम वाचताना आपल्याला बोचतो, आणि बोचलाच पाहिजे. पळून आलेल्या दासाला संघाचे दार बंद होते. राज्यसत्तेशी आणि धनकोंशी झगडा ओढवून संघच बुडू नये, ही काळजी त्यामागे दिसते. पण म्हणून तो नियम दासाला सुखाचा झाला असेल असे नाही. मात्र तो भिक्खू होण्यापुरता होता. उपासक-उपासिका म्हणून त्रिसरण घेण्याला अशी अट नव्हती.

आणि नेमकी येथेच खुज्जुत्तरेची आठवण होते. कोसंबीच्या सामावती राणीची ती कुबडी दासी. अट्ठकथेत तिची हकिगत अशी आहे. राणीसाठी फुले आणायला तिला रोज आठ कहापणे मिळत. चारांची फुले घेई, चार स्वतःकडे ठेवी. एके दिवशी सुमन माळ्याच्या घरी भगवंतांचा उपदेश तिच्या कानी पडला. त्या दिवशी तिने आठही कहापणांची फुले आणली. आज एवढी फुले कशी, असे राणीने विचारताच तिने आपली रोजची चोरी स्वतःच सांगितली. राणीने तिला शिक्षा केली नाही. जे ऐकलेस ते आम्हांलाही सांग, म्हणाली. मग दासी उंच आसनावर बसली आणि राणी व तिच्या स्त्रिया खाली बसून धम्म ऐकू लागल्या. पुढे बहुश्रुत उपासिकांमध्ये भगवंतांनी तिलाच अग्रस्थान दिले.

ही दासी कोठे पळाली? ती त्याच राजवाड्यात राहिली. ती कोणाला शरण आली? कोणालाच नाही, उलट भय गेल्यामुळेच तिला राणीसमोर खरे बोलता आले. हेच सरण होय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्रिसरण-पंचशील घेतले आणि नंतर जमलेल्या लाखो लोकांना दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. ते लाखो लोक दुसऱ्या कोणत्या देशात गेले? ते आपापल्या गावी, त्याच वस्तीत, त्याच पाटलाच्या नजरेसमोर परत गेले. त्यांचा पत्ता बदलला नाही. मान खाली घालणे मात्र बदलले.

बाबासाहेबांनी हा अर्थ वीस वर्षे आधीच सांगून ठेवला होता. ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत धर्मांतरावर भाषण करताना शेवटी त्यांनी भगवंतांनी आनंदाला दिलेला अखेरचा उपदेश सांगितला: दुसऱ्याचा आसरा शोधू नका, स्वतःच स्वतःचे सरण व्हा, दीप व्हा. पालीमध्ये ‘दीप’ म्हणजे दिवा आणि ‘दीप’ म्हणजे बेटही. आपण दिवा हा अर्थ घेतो, तो सुंदरच आहे. पण पुराच्या पाण्यात पाय टेकायला मिळालेले बेट, हा अर्थ ‘सरण’ शब्दाशी अधिक जुळतो. इंग्लंडातील रस्त्याच्या मधला तो ओटा आठवा. भरधाव गाड्यांच्या मध्ये माणूस तेथे कायमचा राहत नाही. क्षणभर उभा राहतो, दोन्हीकडे पाहतो आणि स्वतःच्या पायांनी रस्ता ओलांडतो.

शेवटी एक गोष्ट आपल्याच लोकांसाठी. त्या इमारतीतली रेफ्यूजची जागा नियमाप्रमाणे मोकळी असायला हवी होती. तेथे जुनी कपाटे, मोडक्या सायकली आणि कोणाचे तरी भाड्याचे सामान भरलेले होते. आग लागली असती तर माणसे उभी कोठे राहिली असती? मला आपल्या कित्येक विहारांची आठवण झाली. जयंतीला आणि पौर्णिमेला ते उघडतात. एरवी कुलूप असते आणि आत सतरंज्या, लाउडस्पीकर आणि कार्यकर्त्यांची भांडणे भरलेली असतात. त्रिसरण म्हणणारे लोक सोयरीक जुळवताना पोटजात विचारतात, हे आपल्याला ठाऊक नाही काय? रात्री नवऱ्याने घराबाहेर काढलेली आपली एखादी भगिनी आली, तर तिच्यासाठी आपल्या वस्तीतले विहार उघडेल काय? सरण म्हणजे घर, हा अर्थ कोशात लिहून भागत नाही. त्या घराची किल्ली कोणाकडे आहे, हे आधी विचारले पाहिजे.

नातीला मी तेव्हा उत्तर दिले नव्हते. घरी आल्यावर दिले. “बाळ, आपण पळत नाही. आपण कळून घ्यायला जातो.” तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग ते सामान कोणीतरी काढायला हवे ना, आबा?” ती इमारतीबद्दलच बोलत होती. पण वस्तीतल्या विहाराची किल्ली मी दुसऱ्याच दिवशी मागून आणली.