चव्हाट्यावरचें मन

येत्या ऑक्टोबर महिन्याच्या दहाव्या तारखेस आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहांत मानसिक आरोग्याविषयीं एक सभा भरवावयाची असून तिचें अध्यक्षस्थान मीं स्वीकारावें, असें पत्र पंधरा दिवसांपूर्वीं माझ्या मेजावर येऊन पडलें आहे. अद्याप मीं त्यास उत्तर धाडलेलें नाहीं. एरव्हीं अशा पत्रास उत्तर देण्यास मला पांच मिनिटेंही लागत नाहींत; तीस वर्षें अध्यापन केलेल्या मनुष्याच्या अंगीं कोणत्याही विषयावर अध्यक्षीय भाषण करण्याची एक प्रकारची निर्ढावलेली तयारी असते. ह्या वेळीं मात्र हात अडला. तो कां अडला ह्याचा शोध घेऊं लागलों, तेव्हां ही केवळ माझ्या सोयी-गैरसोयीची बाब नसून तींत एक नैतिक प्रश्न गुंतलेला आहे असें ध्यानांत आलें. म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहें.

प्रश्न असा: मनाचा आजार हा चारचौघांत बोलण्याचा विषय आहे काय? आणि असल्यास, बोलणारानें तो कोणाच्या जिवावर बोलावा?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आजकाल झटकन् 'होय' असें देण्यांत येतें. १९९२ पासून १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्यदिन म्हणून पाळला जातो. आत्महत्येच्या प्रतिबंधासाठीं २००३ पासून १० सप्टेंबर हा दिवस नेमलेला आहे. त्या दिवशीं फेऱ्या निघतात, मुलें भित्तिपत्रकें रंगवितात, चौकांत पथनाट्यें होतात. परंतु 'होय' म्हणणारांनीं 'नाहीं' म्हणणारांचें म्हणणें नीट ऐकून घेतलें आहे, असें मला वाटत नाहीं. आपल्या भाषेंत 'चव्हाट्यावर आणणें' हा शब्दप्रयोग निंदाव्यंजक आहे, तो उगाच नव्हे. अब्रू ही सुखवस्तु लोकांची चैन आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं एखाद्या ओढगस्तीच्या घरांत डोकावून पाहावें. जेथें दुसरें कांहींच झांकण्यासारखें उरलेलें नसतें, तेथें माणूस निदान आपलें दुःख तरी झांकतो. तें पांघरूण ओढून काढण्याचा अधिकार कोणत्याही समितीस नाहीं.

दुसरा आक्षेप माझ्या धंद्यांतला आहे. हल्लीं माझ्याकडे येणारे विद्यार्थी आपल्या उदासपणास सर्रास 'डिप्रेशन' म्हणतात. प्रेमभंग झाला, परीक्षा बुडाली, वडील रागावले, कीं तोच शब्द. शब्द इतका सवंग झाला म्हणजे ज्याला खरोखरच आजार आहे त्याच्या वांट्यास कांहीं उरत नाहीं. दुःख हें मनुष्याच्या आयुष्याचा भाग आहे. त्याला रोग ठरवून मोकळें होण्यांत दुःखाचाही अपमान आहे आणि रोगाचाही. हा आक्षेप मला पुष्कळ काळ पटत असे. आजही तो सर्वस्वीं खोटा वाटत नाहीं.

तथापि दुसऱ्या पारड्यांत काय आहे तें पाहावें. बंगळूरच्या निम्हान्स ह्या संस्थेनें २०१५-१६ सालीं देशांतील बारा राज्यांत पाहणी केली. तींत प्रौढांपैकीं शेंकडा १०.६ लोक त्या वेळीं कोणत्या ना कोणत्या मानसिक विकारानें ग्रस्त असल्याचें दिसून आलें. आणि विकार कोणता ह्यावर अवलंबून, त्यांतील शेंकडा ७० पासून ९२ पर्यंत लोकांस कांहींच उपचार मिळत नव्हते. माझ्या वर्गांत साठ मुलें बसतात. हिशेब वाचकांनींच करावा. कायदा आपल्या पुढें गेला आहे, हेंही कबूल केलें पाहिजे. १९१२ च्या कायद्याच्या नांवांतच वेडेपणाचा उल्लेख होता. २०१७ च्या कायद्यानें उपचार मिळणें हा रुग्णाचा हक्क मानला. आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारें १८६० च्या दंडसंहितेंतील ३०९ वें कलम, १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या न्यायसंहितेंत उरलें नाहीं. सरकारनें ज्याला गुन्हेगार म्हणणें सोडलें, त्याला सोयरे-धायरे मात्र अजून सोडीत नाहींत.

शिवाय महाराष्ट्रांत जी कांहीं सुधारणा झाली ती चव्हाट्यावरच झाली, हें विसरून कसें चालेल? १८७५ सालीं न्यायमूर्ति रानड्यांनीं पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती चार भिंतींआडचे विषय चार लोकांत यावेत म्हणूनच. र. धों. कर्व्यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविलें. त्यापायीं खटले सोसले, आणि सभ्य लोकांनीं नाकाला पदर लावला. आज त्या मासिकांतील पुष्कळसा भाग शाळेंतील डॉक्टरही निःसंकोच सांगतो. तेव्हां बोलूं नये हा पक्ष टिकत नाहीं. परंतु बोललें कीं झालें, हा पक्ष तरी कोठें टिकतो?

ह्या संबंधांत कॅनडांतील एका प्रयोगाची हकीकत आमच्या कार्यकर्त्यांस मी आवर्जून सांगत असतों. १९५१ सालीं सस्कॅचवान प्रांतांतील एका लहानशा गांवांत इलेन व जॉन कमिंग ह्या दांपत्यानें सहा महिने मानसिक आरोग्याचा प्रचार केला. व्याख्यानें झालीं, चित्रपट दाखविले, चर्चामंडळें भरलीं. सांगणें एवढेंच होतें कीं, शहाणा आणि वेडा ह्यांच्यामध्यें भिंत नाहीं. एकाच रस्त्याचीं तीं दोन टोकें आहेत. आरंभीं गांवानें पाहुण्यांचें स्वागत केलें, मग लोक कंटाळले, मग चिडले, आणि अखेरीस कमिंग पतिपत्नींशीं बोलेनासे झाले. पूर्वीं व नंतर केलेल्या पाहण्यांत लोकांची वृत्ति होती तेथेंच राहिल्याचें आढळलें. १९५७ सालीं त्यांनीं हा वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. आपल्या अपयशाचा एवढा प्रामाणिक ग्रंथ लिहिणारे प्रचारक विरळाच. त्यांचा निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे. लोकांनीं वेड्यास दूर लोटलें तें अज्ञानानें नव्हे, तर स्वतःच्या शहाणपणाची सीमा राखण्यासाठीं. आणि प्रचारकांनीं नेमका त्या सीमेवरच हात घातला. व्याख्यानानें अज्ञान जातें. भीति जात नाहीं.

मग भीति कशानें जाते? सहवासानें, असें म्हणतात, आणि तें पुष्कळ अंशीं खरें दिसतें. बेल्जममधील घेल ह्या गांवीं मध्ययुगापासून मनोरुग्णांस घरोघरीं कुटुंबांत ठेवून घेण्याची चाल आहे. गेल्या शतकाच्या चवथ्या दशकांत तेथें असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे होते. आपल्याकडील ऋद्धिपूर आठवावें. तेराव्या शतकांत गोविंदप्रभूंचें वागणें लोकरीतीस सोडून असे, हें म्हाइंभटांच्या चरित्रग्रंथांत पानोपानीं दिसतें. परंतु गांवानें त्यांस कोंडलें नाहीं, आपलें म्हटलें. ऋद्धिपूरकरांनीं कधीं जागृतिसप्ताह पाळला नव्हता. मात्र ह्या उदाहरणांनीं आपण फार हुरळून जाऊं नये. देवाच्या दारीं वेड्यास थारा मिळतो म्हणून कौतुक करावें, तों २००१ सालच्या ६ ऑगस्टची एरवाडी आठवते. तमिळनाडूंतील त्या दर्ग्याच्या गांवीं साखळदंडानें बांधलेले २८ रुग्ण झोंपडीस आग लागून जळून मेले. त्यांनाही कोणी तरी श्रद्धेनेंच तेथें आणून सोडलें होतें.

इंग्लंडांत २००७ पासून २०२१ पर्यंत जी मोठी चळवळ चालली, तिनें ह्या सहवासाच्या तत्त्वावरच भर दिला: वैद्यानें नव्हे, तर जो भोगून उठला आहे त्यानें लोकांसमोर बोलावें. आपल्याकडेही तो मार्ग आला आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांचा 'देवराई' (२००४) हा चित्रपट पाहून, भावाच्या आजारांत बहिणीची कशी ओढाताण होते हें प्रथमच उमगलें, असें सांगणारे लोक मला भेटले आहेत. परंतु चित्रपटांतील मनुष्य खेळ संपला कीं नट होऊन घरीं जातो. व्यासपीठावरील मनुष्य तोच राहून घरीं जातो.

तीन वर्षांपूर्वीं अशा एका सभेचा मी संयोजक होतों. बावीस वर्षांचा एक तरुण स्वखुशीनें बोलला. दोन वर्षांच्या आजारांतून तो नुकताच सावरला होता. बोलला उत्तम. टाळ्या थांबेनात. लोकांनीं त्याचीं छायाचित्रें घेतलीं, आणि रात्र संपण्यापूर्वीं तीं गांवभर मोबाइलवर फिरलीं. आम्हीं एकमेकांचें अभिनंदन केलें. चार महिन्यांनीं तो मला बसथांब्यावर भेटला. सभेचा विषय मींच काढला. तो म्हणाला, "सर, त्या दिवशी बरं वाटलं होतं. पण आता सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात."

ह्या वाक्यानें मला जितकें अस्वस्थ केलें, तितकें कोणत्याही टीकेनें केलेलें नाहीं. त्याची संमति होती हें खरें. परंतु ती त्या एका संध्याकाळपुरती होती, आणि आम्हीं ती जन्मभरासाठीं खर्च केली. श्रोत्यांचें अंतःकरण द्रवलें, तें द्रवण्यासाठीं एका मुलाचें आयुष्य वापरलें गेलें. मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरूं नये, हें कांटचें तत्त्व मी दरवर्षीं जूनमध्यें शिकवितों.

आतां जें सांगावयाचें तें सांगतों. त्या सभेंत मी पाऊण तास बोललों. घरोघरीं असणाऱ्या बंद खोल्यांविषयीं बोललों. आमच्या घरींही तशी एक खोली होती, हें मात्र बोललों नाहीं.

ती माडीवर होती, आणि तींत माझे काका राहत. ते गणिताचे शिक्षक होते. अपूर्णांक मला त्यांनींच शिकविले. पुढें त्यांस कोणी तरी आपल्याविरुद्ध कट करीत आहे असे भास होऊं लागले, नोकरी सुटली, आणि ते माडीवरून खालीं येईनासे झाले. आत्याचें लग्न वाड्यांतच झालें. काका काशीस गेले आहेत, असें पाहुण्यांस सांगण्यांत आलें; खोलीस बाहेरून कडी घातली, आणि कोणी मूल खेळतां खेळतां वर जाऊं नये म्हणून मला जिन्याच्या वरच्या पायरीवर बसविलें. मी नऊ वर्षांचा होतों. खालीं मंगलाष्टकें सुरू झालीं. तेव्हां दाराआडून काकांनीं हळूच विचारलें, "कोण, बाळू का? मंगलाष्टकं संपली का रे? दोन अक्षता देशील?" धाकट्या बहिणीचें लग्न होतें तें. उत्तर देऊं नकोस, असें मला बजावलेलें होतें. मीं उत्तर दिलें नाहीं.

हें ह्या वेळीं सभेंत सांगावें असें मनांत आलें, आणि म्हणूनच पत्राचें उत्तर अडलें. कारण काका गेले असले तरी त्यांची मुलगी आहे, आणि तिच्या मुलाचें लग्न ठरण्याच्या बेतांत आहे. मीं तिला विचारलें. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, ती गोष्ट तुझी थोडीच आहे? तू एक दिवस जिन्यावर बसलास. मी आणि आई चौदा वर्षं त्या खोलीत राहिलो. टाळ्या तुला पडतील, स्थळ माझ्या मुलाचं मोडेल."

तिचें म्हणणें खोडून काढणें तर्कदृष्ट्या अवघड नाहीं. ज्या भीतीनें तिच्या मुलाचें लग्न मोडूं शकतें, ती भीति अशा प्रत्येक घरानें बाळगलेल्या मौनावरच पोसली आहे. सर्वांनीं तोंड उघडल्यावांचून ती मरणार नाहीं. हें सगळें मला समजतें. तिलाही समजतें. परंतु 'सर्वांनीं' ह्या शब्दांत आधीं कोणी, हा प्रश्न दडलेला असतो, आणि दुसऱ्याच्या मुलाचें नांव तेथें घालण्याचा मला अधिकार नाहीं. तिच्या मौनास मी भित्रेपणा म्हणत नाहीं. माझें मौन मात्र त्या नांवास पात्र होतें, कारण त्याची किंमत मला कधींच पडली नाहीं.

मग खोली तिची, जिना माझा, अशी वांटणी करतां येईल काय? खोलींत कोण होतें हें न सांगतां, उत्तर न देणाऱ्या मुलाची हकीकत सांगतां येईल काय? हा लेख म्हणजे तसाच एक प्रयत्न आहे. तो मीं तिच्याकडे प्रथम धाडला. आमच्या घराची ओळख पटूं नये म्हणून कांहीं तपशील बदलले आहेत; तिनें आणखी दोन वाक्यें खोडलीं, तीं येथें नाहींत.

पत्राच्या उत्तराचा मसुदा केला आहे. छायाचित्रें घेऊं देऊं नयेत. कोणाही रुग्णास व्यासपीठावर बोलण्याचा आग्रह करूं नये. बोलावेंसें वाटल्यास आधीं त्याच्याशीं व त्याच्या घरच्यांशीं निवांत बोलावें, आणि सभेनंतर सहा महिने कोणीं तरी त्याची विचारपूस करण्याचें पत्करावें. आत्महत्येचा विषय निघाल्यास प्रकार व साधन ह्यांचें वर्णन करूं नये: ठळकपणें छापलेल्या आत्महत्येच्या बातम्यांमागून आत्महत्यांची संख्या वाढते असें डेव्हिड फिलिप्स ह्यांनीं १९७४ सालींच दाखविलें होतें, आणि संकटांतून तरून गेलेल्यांच्या हकीकतींचा परिणाम उलट होत असावा असें व्हिएन्ना येथील संशोधकांस २०१० सालीं आढळलें. डॉक्टरांनीं हारतुरे घेऊन निघून न जातां, बाजूच्या खोलींत दोन तास बसावें. त्या खोलीस मागच्या बाजूनें वेगळें दार असावें, म्हणजे आंत कोण गेलें हें कोणास कळणार नाहीं. १४४१६ हा सरकारी 'टेलिमानस' सेवेचा दूरध्वनि-क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि अध्यक्षांचें नांव लहान.

इतकें मान्य असेल तर अध्यक्ष होण्यास माझी हरकत नाहीं, असें लिहिलें आहे. जिन्याविषयीं बोलणार कीं नाहीं, ती ओळ दोनदां लिहिली आणि दोनदां खोडली. काकांच्या मुलीनें सभेची वेळ तेवढी विचारली आहे. येणार म्हणून कांहीं म्हणाली नाहीं.