शेजाऱ्याचा हक्क आणि शहराची वाटणी

शहरात श्रीमंतांची वस्ती एकीकडे आणि गरिबांची दुसरीकडे का, असे विचारले की आपण सहज म्हणतो, ज्याचे त्याचे नशीब. अल्लाहने उपजीविकेत कमी-अधिक ठेवले हे खरे. पण वस्त्यांमधल्या भिंती माणसाने घातल्या.

मुंबईचेच पाहा. १८९६ साली मांडवीत प्लेग उद्भवला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा आत यावा म्हणून दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले गेले. पण बिऱ्हाड मोडलेल्या पुष्कळांना नव्या जागेचे भाडे परवडले नाही. १९२७ पासून शहराचा कचरा देवनारला पडू लागला. १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून तेथील रहिवाशांना ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पमध्ये हलवले गेले. जमिनीचा भावच शहराचा पहारेकरी झाला.

आता मदीना आठवा. मक्केहून आलेल्या मुहाजिरांसाठी गावाबाहेर वेगळी वस्ती वसवली गेली नाही, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना अन्सारांचे भाऊ केले. ज्यांना घरच नव्हते, ते असहाबे-सुफ्फा मस्जिदे-नबवीच्या ओट्यावर, प्रेषितांच्या घरालगत राहत. बेघर माणूस रोज सर्वांच्या नजरेसमोर होता.

हजरत मुआज (रजि.) यांना यमनला पाठवताना प्रेषितांनी शिकवले की, तेथील धनिकांकडून जकात घेऊन तेथीलच गरिबांना द्यावी. दोघे एकमेकांजवळ राहतात, हे या शिकवणीत गृहीत आहे. आज आपल्या इमारतीत जकात घेणारा कोणी उरला नाही, याचा आनंद मानावा काय? गरिबी संपलेली नाही, ती केवळ दृष्टिआड झाली आहे. म्हणूनच, दुसरीकडे गरज अधिक असेल तर जकात तिकडे नेण्यास हनफी फुकहांनी मुभा दिली आहे.

शेजारी उपाशी असता पोटभर जेवणाऱ्याच्या ईमानाबद्दल प्रेषितांनी दिलेला इशारा आपण जाणतो. शेजारीच दूर लोटला म्हणून त्याचा हक्क दूर जात नाही. तेव्हा या रमजानमध्ये जकात केवळ पाठवू नका. मुलांना सोबत घेऊन स्वतः त्या वस्तीत जा, तेथील मशिदीत नमाज अदा करा, माणसांची नावे विचारा. आणि कमी मिळकतीचे कुटुंब तुमच्या सोसायटीत घर शोधत आले, तर त्याच्या बाजूने बोला.

अल्लाह आपल्या घरांबरोबर आपली मनेही प्रशस्त करो. आमीन.