देऊन न सरणारी भाकर

दशाज्ञांतील सातवी आज्ञा लहानपणी पाठ करताना आपल्यापुढे चोराचे एक ठरलेले चित्र उभे राहते. रात्रीची वेळ, फोडलेले कुलूप आणि रिकामी पेटी. ज्याची वस्तू गेली त्याच्या घरी सकाळी रडारड, ज्याने नेली त्याच्या घरी गुपचूप आनंद. एकाचे जेवढे उणे होते तेवढेच दुसऱ्याचे अधिक होते, असा चोरीचा सरळ हिशेब आहे. परंतु पेटी जिथल्या तिथे आहे, कुलूप शाबूत आहे, मालकाच्या घरातून काडीही हललेली नाही आणि तरीही ती वस्तू हजार घरांत पोचली आहे, असे घडू लागले म्हणजे या हिशेबाचे काय करावयाचे?

हा प्रश्न आम्हांस आपण होऊन सुचलेला नाही. कोपरगावात आमच्या धर्मग्रामातील युवकांच्या एका बैठकीत अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलाने तो सर्वांसमक्ष विचारला. "फादर, मी क्यूबिटटॉरेंट वापरतो. त्यातून पुस्तकं घेतो, सिनेमेही घेतो. कुणाचं काहीच कमी होत नाही. मग हे पाप कसं?" आम्ही आमचे ठेवणीतले उत्तर दिले की, चोरी ती चोरीच. त्यावर तो मुलगा अगदी विनयाने म्हणाला, "मग फादर, मास्तरांची गाणी आपणच सगळ्यांना कॉपी करून दिली होती ना?" बैठकीत शांतता पसरली. आम्ही समारोपाची प्रार्थना थोडी लवकरच म्हटली. पुढील विवेचन म्हणजे त्या दिवशी द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय.

प्रथम हे साधन काय आहे ते समजून घेऊ. एरवी संगणकावर एखादे पुस्तक वा चित्रपट उतरवून घ्यावयाचा तर तो एका मोठ्या मध्यवर्ती भांडारातून घ्यावा लागतो. मागणारे वाढले की भांडारावर ताण येतो आणि ते बंद पडले की सर्वांचेच अडते. २००१ साली ब्रॅम कोहेन या अमेरिकन तज्ज्ञाने यावर बिटटॉरेंट नावाची निराळी पद्धत काढली. मूळ फाइलचे लहान लहान तुकडे कल्पावयाचे. ज्याच्या संगणकावर जो तुकडा पोचला, त्याने तो लगेच दुसऱ्या मागणाऱ्यास द्यावयाचा. प्रत्येक तुकडा मुळाबरहुकूम आहे की नाही हे त्याच्या गणिती ठशावरून पडताळले जाते, त्यामुळे देणारा अनोळखी असला तरी भेसळ चालत नाही. म्हणजे येथे घेणारा घेता घेताच देणारा होतो आणि मागणारे वाढले की पुरवठाही वाढतो. या पद्धतीवर चालणाऱ्या अनेक प्रोग्रामांपैकी क्यूबिटटॉरेंट हा एक. फ्रान्समधील क्रिस्तोफ द्युमे या विद्यार्थ्याने २००६ साली तो लिहावयास घेतला आणि पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी तो वाढवला. त्याची घडण कोणासही वाचता येते, सुधारता येते आणि पुढे देता येते.

आमच्या शेतकरी वाचकांस ही पद्धत परकी वाटू नये. ज्याच्याकडे एकच बैल आहे तो शेजाऱ्याच्या बैलाशी आपला बैल जोडतो आणि दोघांचीही राने नांगरून निघतात, यास आपण सावड म्हणत आलो. आपले रान नांगरून झाल्यावर दुसऱ्याच्या दिवशी जो तोंड लपवतो, त्यास पुढच्या हंगामात कोणी सावडीला घेत नाही. बिटटॉरेंटच्या रचनेतही हाच दंडक आहे. जो इतरांस तुकडे देतो, त्यासच इतरांकडून तुकडे लवकर मिळतात. तेव्हा या साधनात मूलतः काही पापमय आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. लिनक्ससारख्या मुक्त संगणकप्रणाली याच मार्गाने लोकांपर्यंत जातात आणि इंटरनेट आर्काइव्ह ही ग्रंथसंग्रह करणारी संस्था २०१२ सालापासून आपला संग्रह या मार्गानेही देत आली आहे.

याहून पुढे जाऊन आम्ही असे म्हणू की, त्या मुलाच्या प्रश्नात सत्याचा मोठा अंश आहे. संत आगुस्तीन यांनी ख्रिस्ती शिकवणुकीविषयीच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या आरंभीच हा विचार मांडला आहे. जी वस्तू दिल्याने कमी होत नाही, ती केवळ स्वतःजवळ राखून ठेवणारा मनुष्य तिचा खरा धनी ठरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आणि लगेच ते प्रभूने मोडून वाटलेल्या भाकरींची आठवण करून देतात.

कोपरगावच्या माणसास या वचनाची खोली चटकन कळावी. नांदूर मधमेश्वरहून निघालेले गोदावरीचे डावे आणि उजवे असे दोन्ही कालवे आपल्या भागातून जातात. आवर्तन सुटले की वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने एक बारे अधिक घेतले तर चारीच्या शेपटाकडील शेतकऱ्याचा ऊस वाळतो. पाणी वाटले की कमी होते, म्हणून तेथे पाळी हवी, पाटकरी हवा, नियम हवेत. परंतु गीत, प्रार्थना, गणिताची रीत, औषधाची माहिती या वस्तू पाण्यासारख्या नाहीत. दिव्याने दिवा लावावा तशा त्या आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले आणि १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही तो ग्रंथ १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापता आला, कारण लोकांनी त्याच्या हस्तलिखित प्रती करून त्या जपून ठेवल्या होत्या. नक्कल करणाऱ्या हातांनीच तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोचवला.

मग आमचे पहिले उत्तर चुकलेच म्हणावयाचे का? येथे मास्तरांची हकीगत सांगणे भाग आहे. हे मास्तर आयुष्यभर खेडोपाडी धर्मशिक्षण देत हिंडले. ओवीच्या आणि भजनाच्या चालींवर त्यांनी प्रभूची गीते रचली. उतारवयात कर्ज काढून त्यांनी त्या गीतांची एक सीडी काढली. तिच्या काही प्रती खपल्या. पुढे आमच्याच गायकवृंदातील कोणी ती गीते संगणकावर उतरवली आणि आम्ही स्वतः मोठ्या उत्साहाने, "घ्या, घ्या, देवाचंच काम आहे," म्हणत ती पेनड्राइव्हमधून गावोगावी दिली. उरलेल्या सीड्या मास्तरांच्या घरी पोत्यात पडून राहिल्या.

त्या बैठकीनंतर आम्ही मास्तरांना भेटावयास गेलो. ते म्हणाले, "फादर, गाणी सगळीकडे म्हणतात याचा मला आनंदच आहे. पण ज्या पोरांनी तबला-पेटी वाजवली, त्यांची बिदागी अजून थोडी थोडी फेडतोय." थोडे थांबून त्यांनी आणखी एक वाक्य उच्चारले. "तुम्ही विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं."

कोणाचे काही कमी होत नाही, या युक्तिवादात काय सुटते ते येथे दिसते. गीत कमी झाले नाही हे खरे, परंतु मजुरी कमी झाली. गीत ही दिव्याची ज्योत असेल, पण ते घडवणारा मनुष्य ज्योतीवर जगत नाही. त्यास तेल लागते, मीठ-मिरची लागते. कामकऱ्यास त्याचे मोल मिळालेच पाहिजे ही प्रभूची शिकवण आहे आणि शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असे संत याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे. मोठ्या चित्रपटाचे उदाहरण घेऊन कोणी म्हणेल की, २०१६ साली ‘सैराट’च्या चोरट्या प्रती सर्वत्र फिरल्या, तरीही त्याने विक्रमी कमाई केलीच. असेल. परंतु श्रीमंतास घाव सोसतो म्हणून घाव घालणे धर्म्य ठरत नाही, आणि मास्तरांसारख्यांस तर तो सोसतही नाही.

आता त्या मुलाच्या, "मी तर फक्त पाहतो," या बचावाचा विचार करू. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी असे स्पष्ट केले होते की, चोरटी प्रत नुसती पाहणे हा गुन्हा नव्हे, परवानगीवाचून तिचे वितरण करणे, ती जाहीररीत्या दाखवणे, विकणे वा भाड्याने देणे हा गुन्हा होय. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे बिटटॉरेंट वापरणाऱ्याची अडचण उघड होते. येथे घेणारा त्याच क्षणी देणाराही असतो. खोलीत एकटा बसून चित्रपट उतरवणारा मुलगा न कळत अनोळखी लोकांस त्याचे तुकडे वाटत असतो. ज्या गुणामुळे ही पद्धत सावडीसारखी सुंदर ठरते, त्याच गुणामुळे ती वापरणाऱ्याची जबाबदारी दुणावते. नीतिशास्त्रात आपण ज्यास दुष्कृत्यातील सहभाग म्हणतो, तो येथे साधनाच्या घडणीतच आहे.

दुसरीही एक गोष्ट आम्हांस या निमित्ताने उमगली. क्यूबिटटॉरेंट सर्वांस खुले आहे ते लेखकाचा हक्क नाकारून नव्हे. ते लिहिणाऱ्यांनी आपला हक्क राखूनच, जीएनयू नावाच्या परवान्याद्वारे, सर्वांस वाचण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा दिली आहे. तेथे दान आहे आणि दानास दाता लागतो. जे माझे नाही ते मी उदारपणे वाटले तर त्यास दान म्हणता येत नाही.

परंतु न्यायाचा काटा एकाच पारड्याकडे झुकवणे आम्हांस मान्य नाही. ख्रिस्तसभेने मालमत्तेचा हक्क मानला, पण सृष्टीतील वस्तू सर्वांसाठी आहेत हे तत्त्व त्याच्याही आधीचे मानले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात असे दाखवून दिले की, आपल्या काळात जमिनीइतकीच ज्ञानाची आणि तंत्राची मालकी महत्त्वाची झाली आहे. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचे दुःख आपला जिल्हा जाणतो. उद्या ज्याच्याकडे ज्ञान नाही तोही तसाच भूमिहीन ठरेल. दिल्ली विद्यापीठातील पुस्तकांच्या झेरॉक्सविषयीच्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठी केलेल्या प्रतींना कायद्यातील सवलत लागू मानली, आणि ग्रंथकाराचा हा हक्क ईश्वरदत्त वा नैसर्गिक हक्क नव्हे असेही म्हटले. आमच्या मते हा विचार ख्रिस्ती परंपरेस धरून आहे. श्रमाचे मोल हा निसर्गनियम आहे. परंतु भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालणारा हक्क हा मनुष्याने केलेला नियम आहे आणि तो लोककल्याणाच्या कसोटीवर तपासून पाहता येतो. संत थॉमस आक्वायनस यांनी तर निर्वाणीच्या गरजेत सर्व वस्तू सर्वांच्या होतात असेही शिकवले. मात्र भुकेल्याने भाकर घेणे आणि रविवारच्या करमणुकीसाठी चित्रपट घेणे या दोहोंस गरज हा एकच शब्द लावणे म्हणजे त्या थोर संताची थट्टा होईल.

म्हणून आम्ही त्या मुलास एवढेच सांगू. बाळा, हे साधन टाकून देऊ नकोस. पण काही घेण्याआधी स्वतःस तीन प्रश्न विचार. हे देणाऱ्याने दिले आहे का? माझ्या घेण्याने कोणाची मजुरी बुडते का? आणि माझी गरज खरी आहे की मी हौसेला गरज म्हणतो आहे? जेथे मजुरी बुडवली असेल तेथे केवळ पश्चात्ताप पुरत नाही, भरपाईही करावी लागते. ही शिकवण आम्ही इतकी वर्षे इतरांस दिली. तेव्हा ती आम्हांसही लागू झाली.

वाद्यवृंदाची राहिलेली बिदागी धर्मग्रामातील काही कुटुंबांनी आणि आम्ही मिळून भागवली. मास्तरांनी आढेवेढे घेत ती स्वीकारली. मग आम्ही त्यांना जे आधी विचारावयास हवे होते ते विचारले. त्यांनी एका वहीच्या कागदावर लिहून दिले की, आपली गीते कोणीही गावी, कोणीही वाटावी, फक्त शब्द बदलू नयेत. त्या मुलानेच ती गीते क्यूबिटटॉरेंटवर ठेवली. तीच गीते, तेच साधन. नक्कल केलेल्या प्रतीत आणि या प्रतीत कोणत्याही यंत्रास फरक सापडणार नाही. फरक एवढाच की, आता मधे एका माणसाचे ‘हो’ आहे.

पाच हजारांस भोजन दिल्याची कथा आपण दरवर्षी ऐकतो. त्या भाकरी कोठून आल्या याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रभूने त्या कोणाच्या कोठारातून मागवल्या नाहीत. संत योहान सांगतो की, गर्दीतील एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या. त्याने आपली शिदोरी दिली, शेजाऱ्याची नव्हे. मोडून वाटल्याने न सरणाऱ्या त्या भाकरीची सुरुवात त्याच्या स्वतःच्या पाच भाकरींपासून झाली होती.