सरबताचे पाणी

सरबत म्हटले की आपल्यापुढे लिंबाचे, कोकमाचे, वाळ्याचे असे काही ओले, थंडगार उभे राहते. तुर्कस्तानात ते बाळंतिणीच्या घरी पाहुण्यांना देण्याचे दालचिनी-लवंगांचे तांबडे पेय होते. अमेरिकेत ते एक ते दोन टक्केच दुग्धस्निग्धांश असलेले गोठवलेले फळांचे मिष्टान्न ठरते. आणि इंग्लंडात, नवल पाहा, ती चक्क कोरडी, आंबटगोड, फसफसणारी पूड असते.

मूळ अरबी धातूचा अर्थ ‘पिणे’ एवढाच. मग थेंबभरही पाणी नसलेल्या पुडीला सरबत का म्हणावे? एकोणिसाव्या शतकात ती पाण्यात ढवळून फेसाळ पेय करण्यासाठी विकली जाई, हा इतिहास झाला. मुलांनी ती तशीच चाटली, कारण मुलांना धीर कुठला! पण सरबताचा अर्थ तिथे आटला असे मला वाटत नाही.

ही पूड घरी करून पाहावी. चार मोठे चमचे पिठीसाखर, दोन लहान चमचे सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे लिंबूसत्त्व, एक लहान चमचा खाण्याचा सोडा, हे सारे कोरड्या खलात बारीक घोटावे. आम्ल आणि सोडा एकमेकांना खेटून स्वस्थ पडून राहतात. चिमूटभर पूड जिभेवर ठेवली, लाळ पोहोचली, की दोघे विरघळून भेटतात, कार्बन डायऑक्साइड उसळतो, आणि ही क्रिया उष्णता शोषून घेणारी असल्याने जिभेला किंचित गारवाही लागतो. पाणी पिणाऱ्याकडूनच आले, म्हणून हे सरबत पिणाऱ्याच्या मुखात सिद्ध होते.

आणि पेल्यातले सरबत तरी वेगळे काय सांगते? इ.स. 680 मध्ये करबल्याला पाणी तोडलेल्यांची तहान स्मरून मोहरमात सबिलीवर, म्हणजे पाणपोईवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला सरबत दिले जाते, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे दिले जाते. देणाऱ्याने कितीही निगुतीने केले तरी घेणाऱ्याची तहान त्यात मिसळल्यावाचून ते सरबत पुरे होत नाही, आणि ती तहान, साधकहो, ज्याची त्यानेच आणावी लागते.

पूड केलीत तर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. आपल्या पावसाळ्यात ती हवेतल्या दमटपणानेच सादळून जाते, म्हणून आत घालायचा चमचाही कोरडाच असू द्या.